दुसरी जमनाबाई

के. आर. पुरमच्या बालिकाश्रमाचे संचालक देवव्रत खासगी तपासनीस सुचेता माने यांच्यासमोर बसले.

"आमच्याकडून दत्तक गेलेली अक्षरा परवा एका घरी जाऊन 'आई' म्हणाली. पण तिची आई जमनाबाई घोरपडे. अक्षरा गेली जमनाबाई शिंद्यांकडे. त्यांनीही लग्नाआधी आमच्याकडे मूल सोडलं होतं. सासरी कुणाला ठाऊक नव्हतं. आता त्यांना घराबाहेर काढलंय."

"पत्ता कुणी दिला?"

"अक्षरा सांगत नाही. जुन्या नोंदी एका सीडीवर आहेत. ती ऑफिसातल्या तिन्ही कॉम्प्युटरांवरून उघडते. फायलीला आईचं नाव, आत फक्त पत्ता."

सुचेता सहायक तनयला घेऊन आश्रमात गेली. देवव्रतांच्या विंडोज कॉम्प्युटरवर दोन्ही नावं आडनावासकट दिसत होती.

समाजसेविका आश्लेषा म्हणाली, "माझा मॅक महिनाभर दुरुस्तीला आहे. मी फाईल बघणार कुठे?"

हिशेबनीस नागोजीअण्णा कुबडी टेकत आले. "पाय मोडला अक्का. पंधरा दिवस इस्पितळात होतो, आजच आलो. माझं लिनक्सचं मशीन चालूच असतं. पासवर्ड नाही."

सुचेतानं त्या लिनक्सवर सीडी उघडली. एका फायलीवर नुसतं 'जमनाबाई'. दुसरीवर 'जमनाब' आणि पुढे आकडा.

"जुनी सिस्टीम आहे, लांब नावं कापते," तनय म्हणाला. "विंडोज, मॅकवर पूर्ण दिसतात. पण मॅडम, संचालकांनीच दिला नसेल कशावरून?"

सुचेतानं सगळ्यांना बोलावलं.

"पत्ता देणाऱ्याला अक्षराचं भलंच करायचं होतं. तो चुकला, कारण त्याला आडनाव दिसलं नाही. ही चूक फक्त या मशीनवर होते. देवव्रतांना इथे बसायची गरज नव्हती. अण्णा इस्पितळात होते. स्वतःचा कॉम्प्युटर नव्हता तो फक्त तुमच्याकडे, आश्लेषा."

आश्लेषानं मान खाली घातली.

"'जमनाबाई' दिसलं, तीच पहिली फाईल उघडली मी. पोर समोर रडत होती. नियमानं वर्ष गेलं असतं."

"अक्षरा नियमानं आली असती," देवव्रत सावकाश म्हणाले, "तर मी त्याच दिवशी भेट घडवली असती. घोरपडेबाई दर दिवाळीत मला भेटतात. माझी मुलगी आली होती का, विचारतात."

"शिंदेबाई कुठे आहेत?" आश्लेषानं विचारलं.

"महादेवपुऱ्यात, बहिणीकडे," देवव्रत म्हणाले.

"त्या तुम्हाला दारात उभं करतीलच असं नाही," सुचेता म्हणाली.

"माहीत आहे," म्हणत आश्लेषा उठली.