तहानेचा बहर

बागेतली मोसंबीची सगळी झाडं फुलली होती, एक सोडून. आणि कोडं असं, की ते एकच झाड थंडीभर पोटभर पाणी प्यायलं होतं.

ते झाड तेजलचं. तिनंच लावलेलं, म्हणून त्याचा कारभार तिच्याकडे, असं बाबांनी जाहीर करून टाकलं होतं. बाकीची बाग झारीकडे. झारी म्हणजे बगळ्यासारख्या उंच पायांची एक यंत्रबाई. दिवसभर झाडांमधून सावकाश फिरायची आणि मातीत बोट खुपसून ओल मोजायची. तेजलची आई शहरात राहायची, तिथल्या दवाखान्यात नर्स होती. आपल्या झाडाची पहिली मोसंबी आईलाच द्यायची, हे तेजलनं कधीच ठरवलं होतं.

पण थंडीत झारीनं बागेचं पाणीच तोडलं. पानं मलूल झाली.

"ताण दिलाय," बाबा म्हणाले. "बहर धरायचा तर झाडाला काही दिवस तहानेलं ठेवावंच लागतंय."

तेजलला ते काही केल्या पटेना. तहानलेल्याला पाणी पाजावं, हेच तर तिला घरी शिकवलेलं. मग रोज संध्याकाळी ती कळशीभर पाणी आपल्या झाडाला गुपचूप घालू लागली.

ताणाचे दिवस संपले. बागेला पुन्हा पाणी मिळालं आणि काही दिवसांत ती पांढरीशुभ्र झाली. वासानं सगळं शिवार गुंगून गेलं. तेजलच्या झाडावर मात्र नुसता पाला. तिला रडूच कोसळलं.

"तुला माहीत होतं?" तिनं झारीला विचारलं.

"तुझ्या झाडाखाली ओल लागत होती. पण कारभार तुझा, म्हणून गप्प बसले. चुकलंच माझं," झारी म्हणाली. "थंडीतला बागेचा आवाज जपून ठेवलाय. ऐकतेस?"

तेजलनं तिच्या पोटाला कान लावला. आत हलकेच वाजत होतं, टिक... टिक...

"झाडात मुळापासून पानापर्यंत पाण्याचे बारीक धागे असतात. माती सुकली, की ते ताणले जातात. एखादा तुटतो, त्याचा हा आवाज. तेव्हा मुळं पानांना निरोप धाडतात. पानं आपली पर्णरंध्रं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी छिद्रं, मिटून घेतात. झाड पितं त्यातलं बहुतेक पाणी तिथूनच हवेत जातं. छिद्रं मिटली, की पाणी वाचतं. पालवी थांबते, झाड निजतं आणि अन्न साठवतं. मग पाणी मिळालं, की त्या साठ्यावर फुलं येतात."

"आणि ताण जास्त झाला तर?"

"झाड मरेल. म्हणून तर मी बोट खुपसत फिरते."

"माझं झाड निजलंच नाही," तेजल हळूच म्हणाली. "मीच निजू दिलं नाही त्याला. पण बागेचं वाचलेलं पाणी गेलं कुठं?"

बागेला जिथून पाणी यायचं, त्या तळ्याकडं झारीनं मान वळवली. तिथून एक जाड नळ शहराकडं निघाला होता. "शहर वाढतंय. ताणाच्या दिवसांत तळ्यात वाचलेलं पाणी त्यांना द्यायचं, असं गावानं ठरवलंय."

संध्याकाळी आईचा फोन आला. "अगं, यंदा आमच्या नळाला रोज पाणी येतंय. आत्ताच प्यायले बघ."

"ते आपल्या बागेचं आहे, आई. गोड लागलं?"

"फार गोड," आई म्हणाली.

तेजलनं कळशी घासली आणि पालथी घातली. येत्या थंडीत ती आपल्या झाडाला नीट निजू देणार होती.