मीठ कोण टाकतंय?

फ्रिजच्या दारावर, शुक्रवारी, चुंबकाखाली:

"या घरात मीठ कुलपात ठेवले जाते. माणसे मात्र बाहेरच आहेत, याची नोंद घ्यावी. – रंगनाथ"

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय. प्लीज. – शर्मिला"

"चंपाताई, उद्या तुमचा शेवटचा दिवस. सोमवारपासून दुसऱ्या बाई येतील. – शर्मिला"

खराडीच्या त्या फ्लॅटमध्ये माणसं फ्रिजवरून बोलायची. तेजसचे आई-बाबा, शर्मिला आणि अभय, आयटीत. ते घरी यायचे तेव्हा रंगनाथ आजोबा झोपलेले असायचे, आणि आजोबा उठायचे तेव्हा ते.

तिसरी चिठ्ठी भाग्यश्रीने मोठ्यांदा वाचली. ती स्वयंपाकाच्या चंपामावशींची मुलगी. सुट्टीत आईबरोबर यायची.

"आई, तुला काढलंय."

चंपामावशींनी तव्यावरची पोळी उलटली. "काऊन?"

कारण आजोबांचं ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी मर्यादा घातली होती: दिवसभरात एक सपाट चमचा मीठ, सगळं धरून. शर्मिला त्याहून कमीच मीठ रोज वाटीत मोजून ठेवायची आणि डबा कपाटात बंद करून ऑफिसला जायची. तरी गेल्या सोमवारी डॉक्टरांकडे आकडा एकशे सत्तरवर गेला. म्हणजे कोणीतरी वरून मीठ टाकत होतं. स्वयंपाक एकच बाई करत होती.

"मी काऊन टाकू जी?" चंपामावशी तेजसला म्हणाल्या. "वाटीतलंच टाकतो. त्यातलंबी उरते."

—

समोरच्या फ्लॅटमधली नीरजा वही घेऊन आली. ती नुकतीच आठवी पास झाली होती.

"संशयित दोन. आजोबा आणि चंपामावशी."

"चार," भाग्यश्री म्हणाली. "तुम्ही दोघं राहिलात. या घरात वेफर्स कोण आणतं?"

तेजसने हातातलं पाकीट पाठीमागे नेलं.

"आजोबा रोज पाचला बाहेर जातात," तो घाईने म्हणाला. "कुठे, ते सांगत नाहीत."

—

पाच वाजता.

आजोबा फाटकाबाहेर पडले. तिघं पाण्याच्या टँकरमागून. आजोबा वडापावच्या गाडीपाशी थांबले. एक मिनिट. दोन मिनिटं. काही न घेता परत फिरले आणि टँकरला वळसा घालून थेट तिघांसमोर उभे राहिले.

"मी वास घ्यायला येतो," ते म्हणाले. "वासात मीठ नसतं. लिहून घ्या."

नीरजाने लिहून घेतलं.

—

संशयित उरले: एक.

(भाग्यश्रीने ही ओळ खोडली. पेनाने वहीला भोक पडलं.)

—

शनिवारी सकाळी चंपामावशी शेवटचा स्वयंपाक करत होत्या. भाग्यश्री भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी होती.

"काय बघतेस?" तेजसने विचारलं.

"आईचे खाडे. मी दर महिन्याला तपासते. लोक न केलेले खाडे मांडतात."

चंपामावशी आल्या नाहीत की शर्मिला त्या तारखेवर निळी फुली मारायची. त्याच चौकोनांत आजोबा रोज सकाळी ब्लडप्रेशरचा आकडा लाल पेनाने लिहायचे. एकाच कागदावर दोघं महिनाभर लिहीत होते. एकमेकांचं कोणी वाचत नव्हतं.

"फुल्या बरोबर आहेत," भाग्यश्री म्हणाली. "बारा आणि तेरा. मी तापाने पडले होते." मग तिचं बोट थांबलं. "पण चौदाला आकडा बघ."

एकशे अडुसष्ट.

"आणि सोमवार बघा," नीरजा पुढे झाली. "सगळ्या सोमवारी आकडा चढलाय. मावशींची सुट्टी कधी असते?"

"रविवारी."

स्वयंपाकघरातून कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे आई येते तेव्हा आकडा उतरतो," भाग्यश्री सावकाश म्हणाली. "येत नाही तेव्हा चढतो. तेजस, त्या दिवशी तुम्ही खाता काय?"

"हलकं," तेजस म्हणाला. "पाकिटातलं सूप. आणि नुसती गरम करायची भाजी असते ना, ती."

—

पाकिटावर, पुढच्या बाजूला: हिरवं पान. हसणारे आजोबा. "हलकं आणि पौष्टिक."

मागच्या बाजूला: मुंगीएवढी अक्षरं. खऱ्या आजोबांचं भिंग आणावं लागलं.

"सोडियम आठशे मिलिग्रॅम," नीरजा वाचत होती. "एका माणसाला. पाकीट चार माणसांचं."

"आजोबा एकटे अर्धं पितात."

"मग सोळाशे. मिठात सोडियम असतं. अडीचने गुणलं की मीठ. चार ग्रॅम. भाजीचं अख्खं पाकीट, अजून तीन."

केक करायचा नीरजाच्या आईचा काटा आणला. सात ग्रॅम मीठ डॉक्टरांच्या चमच्यात बसेना. वरून सांडलं.

"आईला सांगतो," तेजस म्हणाला.

"सांगून ऐकतात का तुमच्याकडे?" भाग्यश्रीने विचारलं. "वाढू या."

—

रविवार, दुपारी एक. पानं मुलांनी घेतली; भाग्यश्री त्यासाठी एकटीच आली होती. शर्मिला आणि अभय कौतुकाने येऊन बसले.

पानात वर मधोमध मीठ वाढायची पद्धत या घरात बंद झाली होती. आज आजोबांच्या पानात तिथे पांढरा ढीग होता. सूपचा वाडगा रिकामा. भाजीची वाटी रिकामी.

"आज माझा वाढदिवस आहे का?" आजोबांनी विचारलं.

"तेजस, ही काय थट्टा आहे?" शर्मिला म्हणाली.

"थट्टा नाही. दर रविवारी असतं तेच आहे. फक्त सूप आणि भाजी काढून घेतलीय."

त्याने पाकिटं आणि भिंग तिच्यापुढे ठेवलं. भाग्यश्रीने कॅलेंडर. शर्मिला ऑफिसात लोकांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची. तिने पाकीट वाचलं. कॅलेंडर वाचलं. पुन्हा पाकीट.

"मग पाकिटावर हिरवं पान कशाला काढलंय?" अभयने विचारलं.

"झाकायला," आजोबा म्हणाले.

शर्मिला उठली. फ्रिजवरची तिसरी चिठ्ठी काढून तिने फाडली. मग फोन लावला आणि बराच वेळ हळू आवाजात बोलली. "माझं चुकलं" एवढं सगळ्यांना ऐकू आलं. पलीकडून चंपामावशी काय म्हणाल्या, तेही.

"येतो जी. पण मिठाचं कुलूप काढा. मले चोरावानी वाटते."

—

फ्रिजच्या दारावर, आठ दिवसांनी, सोमवारी:

"कपाटाचे कुलूप कायम आहे. आत आता सूप राहते. वेफर्सही तिथेच नेण्यात आले आहेत. तेजसने शोक आवरावा.

काल अभयने खिचडी केली. मीठ विसरला. कोणी बोलले नाही, म्हणून येथे लिहिले.

तीन मुलांनी मोठ्यांपेक्षा बरे वाचून दाखवले. भिंग भाग्यश्रीला बक्षीस. परत मागितले जाणार नाही. – रंगनाथ"

भाग्यश्रीने चिठ्ठी आईला वाचून दाखवली. मग भिंग घेऊन ती कॅलेंडरपाशी गेली. त्या दिवसाच्या चौकोनात लाल आकडा होता: एकशे चव्वेचाळीस. गेल्या आठवड्यात निळी फुली कुठेच नव्हती. तिने तरी दोनदा तपासलं.