सातवा आवाज

आमच्या घरात भुताखेतांना कधी थारा नव्हता. वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवसापासून अंगारा, उतारा, लिंबू-मिरची सगळं बंद. मी पंचाहत्तरीची झाले, अंधाराला कधी भ्याले नाही.

तरी हे लिहिते आहे. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा सख्खा भाचा आहे आणि तो खोटं बोलत नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. बुधवार. मुदखेडहून भोकरकडे जाणारी एकेरी रेल्वे लाईन. मधल्या छोट्या स्टेशनाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. तिथं माणसं अजून नोकरी करतात.

आणि रात्र नव्हती.

भर दुपारचा पाऊण वाजला होता.

आनंदराज हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. रेल्वेच्या ट्रॅक मशीनवर प्रमुख आहे. गाडीतून जाताना तुम्ही पाहिलं असेल, स्टेशनाच्या कडेच्या रुळावर हळदीच्या रंगाचं एक लांबलचक धूड उभं असतं. ना इंजिन, ना डबा. त्याच्या पोटाखाली लोखंडी दाते असतात. मशीन रूळ किंचित वर उचलून धरतं, दाते खडीत घुसतात, थरथरतात आणि खडी ठासून बसवतात. दबलेली लाईन पुन्हा सरळ होते. चाळीस माणसांचं दिवसभराचं काम ते तासाभरात उरकतं.

त्यासाठी लाईन दोन तास बंद ठेवतात. त्याला ब्लॉक म्हणतात. काम संपलं की मशीन स्टेशनात परत आणायचं, माणसं आणि सामान लाईनीबाहेर आल्याची सही द्यायची. सही झाली की थांबवून ठेवलेली गाडी सुटते.

मशीनवर माणसं सात. केबिनी तीन, एकीतून दुसरी दिसत नाही. म्हणून निघण्याआधी आनंदराज इंजिन मंद करायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "आवाज द्या रे!"

मग पुढून मागपर्यंत एकेक आकडा यायचा. एक तो स्वतः. दोन, तीन, चार... आणि अगदी मागच्या केबिनीतून सात.

हे असं मोजणं कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. पण सोयीचं होतं. बारा वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं.

सातवा आवाज वैजनाथचा. वय साडेअठ्ठावन्न. रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीतला जुना गँगवाला, गुडघे गेल्यावर मशीनवर आलेला. मागच्या केबिनीत तो एकटाच बसायचा. त्याला साखरेचा आजार होता.

त्या दिवशी काम एका कटिंगमध्ये होतं. कटिंग म्हणजे टेकडी फोडून काढलेली वाट, दोन्ही बाजूंना उभा दगड. तिथं ऊन नुसतं पडत नव्हतं, साचत होतं. कडेला वर एक लिंबाचं झाड तेवढं होतं. त्याची सावली वाटीएवढी, तीही थेट रुळांवर पडलेली.

वैजनाथ खाली उतरून खडी बघत होता. मधल्या केबिनीतला शेषेराव दारातून ओरडला, "मामा, गालात काय दाबून राहिले? गूळ हाय का? सांगू का डॉक्टरला?"

"सांग की. मंग तुझ्या तंबाखूचं मी सांगतो तुझ्या बायकोला."

"तिला म्हाईत हाय. तीच चुना मळून देती."

सगळे हसले. आनंदराजला ते हसणं नीट आठवतं. कारण त्यानंतर मशीनवर वैजनाथला कुणीच पाहिलं नाही.

दीडच्या सुमाराला काम आटोपलं. दाते वर घेतले. इंजिन मंद केलं.

आणि एकदम शांत झालं...

कटिंगमध्ये पारवे असायचे. सकाळपासून घुमत होते. आता एकही नाही. वारा नाही. लिंबाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"आवाज द्या रे!"

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा.

मग थोडा वेळ काहीच नाही...

"सात!"

स्पष्ट आवाज. जरा खोल. आनंदराजला वाटलं, उन्हानं घसा सुकला असेल मामाचा. त्यानं मशीन सोडलं.

सहा किलोमीटरवर स्टेशन. पावणेदोनला मशीन कडेच्या रुळावर घेतलं. स्टेशन मास्तर उमादेवी देगलूरकडच्या, कामाला चोख. खिडकीतूनच म्हणाल्या, "साहेब, लवकर सही करा. तिकडं एक्सप्रेस वीस मिनिटांपासून उभी आहे. लोक माझ्या नावानं बोटं मोडत असतील."

आनंदराजनं कागदावर लिहिलं, सर्व माणसं, सामान, मशीन लाईनीबाहेर. सही केली. उमादेवींनी पलीकडच्या स्टेशनला फोन केला. एक्सप्रेस सुटली.

तो माठातलं पाणी पीत होता तेवढ्यात मशीनमध्ये मोबाईल वाजला.

वैजनाथचा. मागच्या केबिनीत चार्जिंगला लावलेला.

"मामा, फोन!" आनंदराज ओरडला.

"हाव..."

मशीनच्या पलीकडून आवाज आला.

फोन वाजतच राहिला. बंद झाला. पुन्हा वाजला. आनंदराज वैतागून चढला. केबिनीत कुणी नव्हतं. टिफिन न उघडलेला. फोन वैजनाथच्या बायकोचा, धुरपताबाईचा.

"साहेब, ह्यांनी जेवण केलं का? सकाळी साखरेची गोळी घेतली अन् उपाशीच गेले..."

आनंदराजनं मशीनच्या पलीकडं वाकून पाहिलं.

मोकळे रूळ. तापलेली खडी. कुणी नाही.

"मामा कुठं आहेत?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. आनंदराजनं या वेळी स्वतःला धरून तोंडं मोजली.

सहा.

"आसं कसं? आवाज दिला की त्यानं," शेषेराव म्हणाला. "सात म्हणला. ह्या कानानं ऐकलं मी."

"मी पण ऐकला."

"म्या बी."

सगळ्यांनी ऐकला होता.

आनंदराज धावत खिडकीशी गेला. "मॅडम, गाडी थांबवा! माझा माणूस कटिंगमध्ये राहिलाय."

उमादेवींनी घड्याळाकडे पाहिलं. "गाडी सुटून चार मिनिटं झाली हो."

गाडी सिग्नल ओलांडून पुढं आली होती. आता एकच उपाय, ड्रायव्हरचा वॉकीटॉकी. उमादेवींनी बटण दाबलं. गाडीचा नंबर पुकारला. थांबा, ताबडतोब थांबा.

खरखर...

पुन्हा हाक.

खरखर...

आनंदराजच्या डोळ्यांसमोर ती वाटीएवढी सावली आली. गोळी घेऊन उपाशी राहिलेला, चक्कर आलेला माणूस दुसरीकडं कुठं पडणार? आणि गाडी येते त्या बाजूला कटिंगच्या तोंडाशीच वळण. ड्रायव्हरला दिसेपर्यंत उशीर झालेला असणार. कागदावरची त्याची सही अजून ओली होती.

तिसरी हाक. चौथी. उमादेवींचा आवाज फाटला.

मग खरखरीतून माणसाचा आवाज आला. "...थांबवतोय. ब्रेक लावलाय..."

पुढं काहीच नाही.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा ऐकू येत होता. शेषेराव दाराशी उकिडवा बसला होता, तोंडात तंबाखू तशीच.

"मॅडम, गाडी उभी आहे," ड्रायव्हर बोलला. धाप लागलेली. "शंभर फुटांवर. लाईनीत माणसं आहेत. जिवंत आहेत."

"माणसं? किती?"

"दोघं."

आनंदराज म्हणतो, त्या क्षणी त्याला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण अंगावर जो काटा आला तो आनंदाचा नव्हता.

ड्रायव्हरनं वैजनाथला इंजिनातच घेतलं. गाडी स्टेशनात आली, आणि खाली उतरला तो एकटाच वैजनाथ.

"दुसरा कुठंय?"

ड्रायव्हर पन्नाशीचा, जबाबदार माणूस. तो सांगू लागला. "वळण घेतलं तेव्हा दोघं होते. एक आडवा. दुसरा त्याच्या उशाशी बसलेला. मळकट सदरा, डोक्याला फडकं. मी हॉर्न दिला, त्यानं मानही वर केली नाही. नुसता ह्यांच्या कपाळावरून हात फिरवत होता. गाडी थांबेपर्यंत मला दिसत होता साहेब. खाली उतरलो, तर..."



शेषेरावनं वैजनाथला साखरपाणी पाजलं. थोड्या वेळानं तो नीट भानावर आला. पहिल्यांदा त्यानं आनंदराजचे हात धरले.

"साहेब, माफ करा. मी मुकादमाला सांगून आलो न्हाई."

"कोण मुकादम, मामा?"

"चक्कर आली म्हणून बसलो. तुम्ही हाक दिली ती ऐकली. उठाया लागलो तर त्यानं खांद्याला धरून खाली दाबलं. म्हणला, पड गड्या निवांत. लई ताप हाय तुला. मुकादमाला तुझा आवाज मी देतो..."

"कोण म्हणला?"



"वळखीचा वाटला. पर वळखला न्हाई."

त्याच्या कपाळावरचे केस ओले होते. चप्प ओले, कुणी पाण्याची पट्टी ठेवावी तसे. त्या कटिंगच्या आसपास दोन कोसांत पाणी नाही. मे महिन्यात तर नाहीच.

आनंदराजनं जबाबात खरं तेच लिहिलं, माणसं डोळ्यांनी मोजली नाहीत, चूक माझी. सातव्या आवाजाबद्दल काही लिहिलं नाही. काय लिहिणार? त्याची वर्षाची पगारवाढ थांबली. तो म्हणाला, "मावशी, मी स्वस्तात सुटलो."

मग त्यानं मला विचारलं, "दुसऱ्याचा आवाज देतो म्हणजे काय गं? असं कोण बोलतं?"

माझ्या हातातलं काम थांबलं.

कारण असं बोलणारी माणसं मी लहानपणी ऐकली होती.

माझे वडील याच लाईनीवर गँगमध्ये होते. तेव्हा मीटर गेज होतं. छोटे डबे, छोटी इंजिनं, कोळशाचा वास. पहाटे आमच्या झोपडीसमोरून गँग निघायची, खांद्यावर पहारी. मुकादम कंदील धरून उभा राहायचा आणि एकेक नाव घ्यायचा. ज्याचं नाव, त्यानं आवाज द्यायचा. आवाज आला नाही तर त्या दिवसाचा रोज गेला.

आणि कुणी तापानं फणफणलेला असला, कुणाच्या घरी बाळंतीण अडलेली असली, तर शेजारचा त्याच्या नावानं आवाज द्यायचा. घसा जरा खोल करून. मुकादमाला कळायचं. तो मान खाली घालून पुढचं नाव घ्यायचा. वडील घरी येऊन आईला सांगायचे, "आज दोघांचा आवाज दिला, तेवढंच काम जास्तीचं केलं."

केवढी माया होती त्यात! कुणाचं काही बिघडत नव्हतं. आजारी माणूस घरी अंथरुणात असायचा. त्याच्या अंगावरून गाडी जाणार नव्हती.

मी हे सगळं आनंदराजला सांगितलं. 

"म्हणजे त्यानं चांगल्यासाठी केलं?"

"असंल बाबा."

"मग त्याला ठाऊक नव्हतं का, की आता आवाज दिला की गाडी सुटते?"

 त्या लाईनीत किती गँगवाले गेले, कुठल्या उन्हात, कुठल्या तापात, त्यांची नावं कुठं आहेत? त्यांना जाऊन कोण सांगणार, की तुमचा मुकादम गेला, कंदील गेला, आता मशीन आलं आहे?

इथं संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

ऑगस्टमध्ये आनंदराज वैजनाथला भेटायला मुदखेडला गेला. दिवसाउजेडी, अकरा वाजता. दार लोटलेलं दिसलं. त्यानं अंगणातून हाक मारली.

"वैजनाथमामा!"

"हाव, हाय मी..."

आतून आवाज आला. तो चपला काढून पायरी चढला, दाराला हात लावला.

दाराला कुलूप होतं.

तो तसाच उभा राहिला. आत काहीही हललं नाही. पाच-सात मिनिटांनी गल्लीच्या टोकाला वैजनाथ आणि धुरपताबाई दिसले. दवाखान्यातून येत होते. औषधाची पिशवी तिच्या हातात.

"आवं साहेब! लई येळ झाला का येऊन?"

"नाही मामा. आत्ताच आलो."

चहा झाला. वैजनाथ बरा होता, हसत होता. धुरपताबाई त्याला हाकच मारत नव्हती. पाणी हवं का विचारायला सुद्धा उठून जवळ जायची, खांद्याला हात लावायची, मग विचारायची. आनंदराजनं ते पाहिलं. तिनंही पाहिलं की त्यानं पाहिलं. 

वैजनाथ अजून नोकरीत आहे, स्टेशनात बसून करायचं हलकं काम दिलं आहे. मशीनवर आता आनंदराज दोन्ही टोकांपर्यंत चालत जाऊन प्रत्येकाच्या खांद्याला हात लावतो, मगच सही करतो. कटिंगमधून त्यानंतर कुणी आवाज दिलेला नाही.

पण स्टेशनात कुणी वैजनाथला हाक मारली, आणि "हाव" असं उत्तर आलं, की आनंदराज आधी त्याच्या ओठांकडे बघतो.

बहुतेक वेळा ते हललेले असतात.