पहिला थर

खोट्या चित्रफितींनी एवढा उच्छाद मांडला, की शेवटी कायदा आला. जी फीत आपला पूर्वेतिहास दाखवणार नाही, ती कुठल्याच पडद्यावर चालणार नाही. अशा फितीला लोक 'थरपट' म्हणू लागले. संकलन करताना काय कापलं, काय जोडलं, ते सगळं तिच्या पोटात थराथरानं साठायचं. 'मागे' दाबत गेलं की कुणालाही मूळ चित्रणापर्यंत जाता यायचं. पुढाऱ्यांचे धाबे दणाणले. बाकीच्यांना मजा वाटली.

शर्वरी टिळेकरलाही वाटली होती. मग तिनं अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी फीत केली. विस्मरणानं पोखरलेले अण्णा त्यात हसतात आणि म्हणतात, "शर्वरी." पाहुण्यांनी डोळे पुसले. त्यानंतर अण्णांनी लेकीचं नाव कधी घेतलं नाही.

थरपटाची रचना करणाऱ्या डॉ. मुजुमदारांकडे ती गेली.

"सर, पहिला थर तेवढा काढता येईल?"

"स्वेटरची खालची ओळ उसवली तर वरच्या राहतील का? प्रत्येक थराची मोहोर आधीच्या थरावरून बनते. पहिला गेला की फीत उघडणारच नाही."

"आणि नवी प्रत केली तर?"

"तिच्यातही तोच थर येणार. आहे तरी काय त्यात?"

शर्वरीनं मान खाली घातली. "मी आहे."

त्या थरात तिचाच आवाज होता. "कितीदा विचारू, अण्णा? मी कोण? चार लोकांत शोभा करणार का माझी?" अण्णा भेदरले होते. सुटका व्हावी म्हणून त्यांनी नाव सांगितलं होतं. हसू तिनं नंतर दुसरीकडून आणून जोडलं होतं. सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मग सगळीच पुसून टाका," डॉक्टर हळूच म्हणाले.

"ते नाव पुन्हा कुठून आणू, सर?"

फीत राहिली. अण्णांना ती आवडायची, आणि 'मागे' कुठे दाबायचं तेवढं मात्र त्यांच्या बोटांना पक्कं ठाऊक झालं. रोज चहा झाला की ते पहिल्या थरापर्यंत जात. पडद्यावरचा ओरडा रोज त्यांना नवा असे.

आजही तो संपल्यावर ते शेजारी बसलेल्या शर्वरीकडे वळले.

"बाई, ती मुलगी फार चिडलीय हो. मी आठवतोय म्हणावं. सांगाल तिला?"

"सांगते," शर्वरी म्हणाली. कालही ती हेच म्हणाली होती.