चूक आपली होती

दायित्वमापन केंद्रातल्या काचेच्या अलीकडे डॉ. हेमांगी वाघुळदे उभी होती. पलीकडे, तिनेच बनवलेल्या खुर्चीत, तिची सोळा वर्षांची ऋता बसली होती. डोक्यावरचा मेंदूटोप तिला जरा सैलच होत होता.

"वाक्य बदल, सिराज," हेमांगी म्हणाली.

"तूच लिहिलंयस ते." डॉ. सिराज मुकादम बारा वर्षं तिच्यासोबत या यंत्रावर होता. आईने मुलीची तपासणी करायची नाही असा नियम, म्हणून आज तो बसला होता. "मंडळापुढे काय म्हणाली होतीस, आठवतं? 'तुझी चूक' म्हटलं की माणूस भांडायला उठतो. 'माझी चूक' म्हण म्हटलं की पोपटासारखं म्हणतो. 'चूक आपली होती' म्हटलं की ज्याचं त्याला ठरवावं लागतं, आपण त्यात आहोत का नाही. विचार सुरू व्हायच्या आत, अर्ध्या सेकंदात, मेंदूतलं स्वकेंद्र उजळलं तर माणूस जबाबदार. नाही उजळलं तर नाही. त्यात नाटक करता येत नाही."

"आठवतं रे."

कायदा झाला तेव्हा सगळ्याच पक्षांनी बाकं वाजवली होती. मत जन्मतारखेवर कशाला द्यायचं? चौदाच्या पुढचा जो कुणी दायित्वरेषेच्या वर, तो सज्ञान. त्याला मत, आणि गुन्हा केला तर मोठ्यांची शिक्षा. रेषेखालचा अज्ञान, मग वय काही का असेना. ऋता तेव्हा घरभर नाचली होती. "आई, तुझ्या यंत्रामुळे मी मतदान करणार!"

तेवढा धीर मात्र तिला धरवला नाही. मत मिळायच्या आधीच ती नरेशदादा झांबऱ्यांच्या पक्षात टोमणे लिहायला लागली. पोरीचा हात चांगला होता. विरोधी उमेदवार ढाके सर बोलताना अडखळायचे. तिने लिहिलं, 'ढाके मास्तर अडखळले, शब्द घशात गडगडले.' नरेशदादांनी ते सभेत म्हटलं, वर म्हणाले, "जा, घरी जाऊन विचारा, पुढचा शब्द कधी येतोय!" दोनशे माणसं सरांच्या दारात जाऊन धडकली. सर हात जोडून पायरीवर आले, बोलायला लागले. शब्द फुटेना. लोक हसले. मग कुणीतरी दगड मारला, आणि एकावर कोण थांबतंय.

सर गेले. चिथावणीच्या गुन्ह्यात ऋता आणि नरेशदादा, दोन्ही आरोपींची आज तपासणी होती.

येताना रिक्षात हेमांगीने लेकीला शिकवून पाहिलं होतं. आपल्याच यंत्राला फसवायला. "'आपली' ऐकलंस ना, की कुणा साहेबाला म्हणतायत असं समज. 'साहेब, आपली गाडी आली', तसं. म्हणजे त्यांची. तुझी नाही."

"मला कोण आपण म्हणतं गं? वर्गातला मॉनिटरपण 'ए वाघुळदे' म्हणतो." ऋता बाहेर बघत राहिली. "आपली म्हणजे आपल्या सगळ्यांची. मी पण आलेच की त्यात."

सिराजने कळ दाबली. पडद्यावर ती पायरी, ते जोडलेले हात. मग आवाज आला : चूक आपली होती.

टोपावरचा दिवा इतक्या झटकन लागला की सिराजने मान खाली घातली. "ब्याण्णव," तो म्हणाला. रेषा साठवर होती. "अख्ख्या जिल्ह्यात एवढा आकडा नाही गं."

नरेशदादा सेहेचाळीस वर्षांचे. खुर्चीत ऐसपैस बसले. "काय ते पटकन उरका, ताई. दुपारी सभा आहे." वीस वर्षं ते माईकवर 'आपण' म्हणत होते. 'आपण सहन केलं', 'आपण रक्त सांडू'. त्या 'आपण'मध्ये ते स्वतः कधीच नव्हते, समोरची गर्दी होती. वाक्य वाजलं. त्यांनी सवयीने मान डोलावली, समोर श्रोते असल्यासारखी. दिवा लागला नाही.

"तीन," सिराज म्हणाला. दुसऱ्यांदा लावलं. तीनच.

"म्हणजे अशील अज्ञान," त्यांचे वकील फाईल मिटत म्हणाले. "खटला चालणार नाही."

"आणि निवडणूक?" हेमांगीने विचारलं.

"मत नाही देता येणार त्यांना. उभं राहता येईल. कायद्यात तुम्ही मतदाराचं आणि आरोपीचं वय बदललंत, डॉक्टर. उमेदवाराला अजून जन्मतारीखच लागते."

अज्ञान आरोपी पालकाच्या ताब्यात द्यायचा असतो. म्हणून दादांच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला गाडी पाठवून आणलं. म्हातारीने कारकुनाने दाखवलं तिथे थरथरत सही केली. "लहान हाये म्हनता ना? मंग घरी नेते मी त्याले." लेकाच्या दंडाला धरून ती पायऱ्या उतरली. खाली फटाके वाजले.

मग दोन महिला शिपाई ऋताला घेऊन आल्या. तिच्या हातात नवंकोरं मतदार ओळखपत्र होतं. आकडा आला की यंत्र ते आपोआप छापायचं. "कोठडीतून मत देता येतं का गं?" तिने विचारलं. हेमांगीने नकारार्थी मान हलवली आणि टेबलाकडे वळली.

"कुठे सही करू?"

"तुमची नाही लागत, मॅडम," कारकून हळूच म्हणाला. "मुलगी सज्ञान आहे."