मुठीच्या आतली बोटं

खरं सांगतोय. पटत नसेल तर इथेच थांबा. मला कुणाची समजूत काढायची नाही.

भरदुपारची गोष्ट. पावसाळा नुकताच संपलेला, दुकानाचं शटर उघडं, समोर रहदारी. मी परवान्याच्या बंदुका दुरुस्त करतो. दाजी आले आणि त्यांनी आपलं पिस्तूल टेबलावर ठेवलं.

त्याच पिस्तुलाने माझी ताई गेली होती.

स्वतःवर गोळी झाडून घेतली, असं दाजी म्हणाले. पोलिसांनी मानलं. बाबांनी तर तिचा फोटोही भिंतीवर लावू दिला नाही. म्हणे, नाक कापून गेली.

आणि आता धाकट्या बहिणीला त्याच माणसाला द्यायचं ठरलं होतं.

"मूठ बदलून दे," दाजी म्हणाले. "हातात बसत नाही. सारखी फिरते."

"त्या दिवशी बरी बसली होती?"

"जिभेला धार आहे मेहुण्याच्या. हाताला आहे का बघू."

पिस्तूल रिकामं आहे ना, तपासलं. स्क्रू काढून मुठीच्या दोन्ही लाकडी पट्ट्या उतरवल्या. नवी मूठ मापाची करायची तर हाताचा ठसा लागतो. त्यांच्या हातात ओल्या मातीचा गोळा दिला.

"दाबा."

दाबला. हात उघडला.

चार जाड बोटं उमटली होती...

आणि त्यांच्यावर आडवी, चार बारीक बोटं. नखांसकट. समोरून कुणी जीव खाऊन हात लोटावा तशी.

करंगळी वाकडी होती.

ताईची करंगळी लहानपणी दारात चेमटली होती.

दाजींनी ठसा अंगठ्याने पुसला. पुन्हा दाबला.

पुन्हा तीच...

"माती नीट मळत जा," म्हणाले. कपाळ घामाने निथळत होतं.

ते गेल्यावर गोळा तसाच बाबांपुढे नेला. "बघा. ती झाडत नव्हती. ढकलत होती."

बाबांनी करंगळीच्या ठशावरून बोट फिरवलं. ओळखलं त्यांनी, शपथेवर सांगतो.

मग तळहाताने गोळा सपाट केला.

"मेलेल्या पोरीपायी जिवंत पोरीचं लग्न मोडू?"

लग्न झालं. मूठही मीच बसवून दिली.

मागच्या आठवड्यात धाकटी दुकानात आली. पिशवीत पिस्तूल.

"दादा, हे म्हणतात पुन्हा फिरते."

स्क्रू सोडवले. पट्टी उलटी केली. ही बाजू लोखंडाला चिकटून असते. तिथे बोट पोहोचूच शकत नाही...

कडक लाकडात बोटं रुतली होती.

वाकडी करंगळी. आणि तिच्या शेजारी आणखी एक हात.

मी धाकटीचा हात ओढून त्यावर ठेवला. बरोब्बर बसला.

"अय्या, माझंच माप घेतलंस की काय?" ती हसली.

"घरी जाऊ नकोस."

हसू गेलं. तिने गळ्याभोवतीची ओढणी घट्ट केली.

"बाबांना काय सांगू?"

गेली. पिस्तूल मी दिलं नाही, कुलपात टाकलं.

काल दाजींचा फोन आला. आवाज अगदी शांत.

"राहू दे तुझ्याकडेच. मला हात आहेत ना."

धावत गेलो. घराला कुलूप. बाबा म्हणतात, फिरायला गेले असतील.

तेव्हापासून धाकटीला फोन लावतोय. उचललाही जातो. पण कुणी बोलत नाही...

नुसता लाकडावर नखं ओढल्याचा आवाज.

ती नखं एकीची की दोघींची, ते ऐकत थांबायची माझी हिंमत होत नाही.