टिटवीने टिपलेला थंड उजेड

बर्फाचा गोळा कधी पेटतो का? नाही ना! मग चंद्रावरच्या वेधशाळेत त्या सकाळी सगळे चक्रावले, यात नवल ते काय. टिटवी नावाच्या जुन्या दुर्बिणीला एका धूमकेतूकडून क्ष-किरण (हाडांचा फोटो काढतात ते अदृश्य किरण) येताना दिसले होते. क्ष-किरण म्हटले की लाखो अंश तापलेले तारे आठवतात. धूमकेतू म्हणजे तर नुसती धूळ आणि बर्फ!

"शिवाय हा क्ष-किरणांचा उजेड धूमकेतूच्या मधोमध नाही, एका बाजूला आहे," सोबती हा यंत्रमानव म्हणाला. "दुर्बिणीचा नेम चुकतोय. बंद करावी."

वेधशाळेच्या प्रमुख फडतरे मॅडम यंत्रांमधल्या तज्ज्ञ; आकाशातलं सगळं डॉ. वामन खानविलकर बघायचे. मॅडमनी नाइलाजाने दुपारी टिटवीची वीज तोडायचं ठरवलं.

ते डॉ. खानविलकरांच्या नातीने, शाल्मलीने, ऐकलं. टिटवी तिच्या या आबांनी स्वतः बांधलेली. हल्ली आबांची नजर पार गेली होती आणि उद्याच्या यानाने ते कायमचे पृथ्वीवर परतणार होते. जाता जाता टिटवी मेल्याचं ऐकायचं त्यांनी? शाल्मलीला रडूच आलं. तिने आबांचा हात धरला आणि त्यांना नियंत्रण कक्षात आणलं.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आधी टिटवी ओळखीच्या एखाद्या क्ष-किरण ताऱ्याकडे वळवा. शाल्मली, मला दिसणार नाही. तू बघून सांग."

"तारा बरोबर मधोमध आलाय, आबा!"

"म्हणजे नेम शाबूत आहे. आता धूमकेतू. उजेड कुठे आहे?"

"पुढच्या बाजूला."

"पुढची कशावरून?"

"शेपटी मागे आहे ना! गाडीमागे धूळ उडते तशी."

"इथेच फसलीस, पोरी. धूमकेतू कुठेही चालला असू दे, त्याची शेपटी सूर्याच्या उलट दिशेला असते. आता सूर्य कुठे आहे ते बघ."

शाल्मलीने आकाशाचा नकाशा पाहिला आणि ती थबकली. "सूर्य उजेडाच्याच बाजूला आहे!"

"शाब्बास! सूर्याकडून सौरवात (विद्युतभारित कणांचा अखंड झोत) वाहत असतो. त्यात ऑक्सिजन, कार्बन यांचे काही अणू असतात. सूर्याच्या उष्णतेत त्यांचे बहुतेक इलेक्ट्रॉन (अणूतले ऋण विद्युतभाराचे कण) निघून गेलेले असतात. बिचारे रिकामे! इकडे बर्फाची वाफ होऊन धूमकेतूभोवती वायूचं आवरण तयार होतं. त्या वायूत शिरताच हे रिकामे अणू त्याचे इलेक्ट्रॉन हिसकावतात. हिसकावलेला इलेक्ट्रॉन आधी ऊर्जेच्या वरच्या पायरीवर बसतो आणि मग खाली उतरतो. जिन्यावरून गोटी घरंगळली की आवाज होतो ना? तसे इथे क्ष-किरण निघतात."

"म्हणजे धूमकेतू तापलेला नाहीच! आणि झोत सूर्याकडून येतो, म्हणून उजेडही त्याच बाजूला!"

सोबतीने मान खाली घातली. "चुकलो, सर. मी तापलेली वस्तूच शोधत बसलो."

"टिटवी चालू राहील," मॅडम म्हणाल्या. मग त्या आबांकडे वळल्या. "पण उद्यापासून ती बघणार कोण?"

आबांनी चाचपडत शाल्मलीचा हात शोधला आणि टिटवीच्या कळफलकावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी यान निघून गेलं. थोड्या वेळाने रेडिओ खरखरला. "सौरवात वाढलाय म्हणे. काय दिसतंय, शाल्मली?"

तिने डोळे पुसले. आधी सूर्याची जागा पाहिली, मग धूमकेतू.

"सूर्याकडची कड कालच्यापेक्षा उजळ झालीय, आबा. चंद्रकोरीसारखी दिसतेय."

"दिसली मला," आबा म्हणाले.